स्वस्तातला लॅपटॉप चालू व्हायला फार वेळ घेतोय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कमी किमतीचा लॅपटॉप म्हणजे हळूच चालणार असं बरेच जण धरूनच चालतात, आणि मग रोज सकाळी बटण दाबून गोल गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसतात. एवढं सोसायची खरंच गरज नसते. बहुतेक वेळा एक-दोनच गोष्टी घोळ घालत असतात, फक्त त्या शोधाव्या लागतात. खालचे प्रश्न मला वारंवार येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. विंडोजवर जास्त लिहिलंय कारण विचारणारे जास्त तेच वापरतात, लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टम) वाल्यांसाठी पण पुढे आहे.

चालू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, हे नॉर्मल आहे का?

जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर हो, विंडोज १० किंवा ११ ला एक ते तीन मिनिटं लागणं अगदी कॉमन आहे. एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क असेल तर नाही. साधी सॅटा (हार्ड डिस्कवालीच जोडणी असलेली) एसएसडी आणि साधा सेलेरॉन किंवा पेंटियम प्रोसेसर असला तरी साधारण १५ ते ३० सेकंदात डेस्कटॉप यायला हवा, ईएमएमसी (मोबाईलसारखी बोर्डवरच बसवलेली स्टोरेज चिप) असेल तर अजून थोडा वेळ धरा. एसएसडी असूनही मिनिटभर लागत असेल तर कुठंतरी पाणी मुरतंय.

अजून एक, डेस्कटॉप दिसला म्हणजे लॅपटॉप तयार झाला असं नसतं. स्क्रीनवर आयकॉन आले पण ब्राउझर उघडायला पुढची दोन मिनिटं गेली तर तो सगळा वेळ तुमच्या वाट बघण्यातच मोजायचा.

बटण दाबल्यापासून आत नेमकं होतं काय?

हे थोडं समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. आधी फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर, जागं होतं, म्हणजे बायोस किंवा आताच्या मशीनमधलं यूईएफआय. ते रॅम, कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क सगळं तपासतं, कंपनीचा लोगो दिसतो तो याच वेळी. मग ते डिस्कवरच्या बूटलोडरला हाक मारतं, बूटलोडर म्हणजे विंडोज चालू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, तो कर्नल (विंडोजचा गाभा) आणि गरजेचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअर) मेमरीत आणतो, मग कर्नल बाकीचे ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस (मागे न दिसता चालणारे प्रोग्रॅम) चालू करतो, मग लॉगिन स्क्रीन येते, आणि पासवर्ड टाकल्यावर डेस्कटॉप आणि त्याच्या मागोमाग तुम्ही कधीतरी इन्स्टॉल केलेली सगळी ॲप्स धावत येतात.

या सगळ्याला मिळून बूट होणं म्हणतात. म्हणजे हळू होण्याच्या जागा ढोबळमानाने तीन आहेत. लोगोवरच अडकतोय, ठिपके फिरताना अडकतोय, की लॉगिननंतर रखडतोय. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. लोगोवर ३० सेकंद जात असतील आणि तुम्ही स्टार्टअप ॲप्स बंद करत बसलात तर काडीचा फरक पडणार नाही, आणि बरेच लोक नेमकं हेच करतात.

मग वेळ मोजायचा कसा?

पहिलं म्हणजे मोबाईलचा स्टॉपवॉच. बटण दाबलं की चालू करा, लोगो गेला की लॅप, लॉगिन आलं की लॅप, डेस्कटॉप आला की लॅप, आणि ब्राउझर उघडून एखादं पान दिसलं की बंद. असं दोन-तीन दिवस करा कारण एखाद्या दिवशी मागे अपडेट चालू असतं आणि आकडा फसवतो. हे आकडे लिहून ठेवा, मी हे नेहमी सांगतो आणि लोक नेहमी टाळतात, पण आधीचा आकडाच नसेल तर नंतर फायदा झाला की नाही हे कळणार कसं.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून), स्टार्टअपच्या भागात जा, वर उजव्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' दिसेल. हा फक्त फर्मवेअरचा वेळ असतो. ५ ते १५ सेकंदांच्या आसपास असेल तर त्या बाजूला फार काही करायची गरज नाही, २५-३० च्या वर असेल तर बायोसचा प्रश्न खाली बघा. जुन्या लेगसी (यूईएफआयच्या आधीच्या बायोसच्या) पद्धतीने बूट होणाऱ्या मशीनमध्ये हा आकडा दिसतच नाही.

अजून खोलात जायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणारं टूल) 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', मग मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज असं उघडत गेलात की 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' नावाचा लॉग असतो. त्यात १०० नंबरची नोंद म्हणजे त्या बूटला एकूण किती वेळ लागला ते, आकडा मिलीसेकंदात असतो म्हणून हजाराने भागा. पण खरं सोनं १०१, १०२ आणि १०३ मध्ये आहे, म्हणजे कोणत्या ॲपने, कोणत्या ड्रायव्हरने आणि कोणत्या सर्व्हिसने उशीर केला ते अनुक्रमे तिथं नावानिशी लिहिलेलं असतं. हा लॉग विंडोज स्वतःच ठेवत असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही, आणि तरी फारच कमी लोक तो उघडून बघतात.

हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाकली तर खरंच एवढा फरक पडतो का, की नुसती हवा?

खरंच पडतो, आणि का पडतो ते सांगतो. स्वस्त लॅपटॉपमधली हार्ड डिस्क सहसा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते. म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या, एका फेरीला साधारण ११ मिलीसेकंद. हवा असलेला डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलीसेकंद, आणि त्याआधी हेडचा दांडा योग्य जागी सरकायला अजून दहा-बारा मिलीसेकंद. म्हणजे एक छोटीशी फाईल शोधायला १५-१८ मिलीसेकंद गेले. सेकंदाला अशा साठेक वाचनांच्या वर गाडी जात नाही. आणि बूट होताना विंडोज एक मोठी फाईल वाचत नसतं, डिस्कभर पसरलेल्या हजारो छोट्या छोट्या फायली वाचत असतं, म्हणून तो दांडा नुसता इकडून तिकडे पळत राहतो.

एसएसडीत फिरणारं सरकणारं काही नाहीच, तिथं हेच काम साधारण ०.१ मिलीसेकंदात होतं. शंभरपटीच्या वरचा फरक झाला. प्रोसेसर तोच, रॅम तीच, विंडोज तेच, तरी दोन मिनिटांची वाट २०-२५ सेकंदांवर येते. माझ्याकडे जे लोक जुना लॅपटॉप टाकून नवीन घ्यायचं म्हणतात त्यांना मी आधी हेच विचारतो की आत डिस्क कुठली आहे. या पानावरचं एकच काहीतरी करायचं असेल तर हे करा.

माझ्यात कुठली एसएसडी बसेल?

मॉडेल नंबर बघून मॅन्युअल शोधा, अंदाजाने घेऊ नका. ढोबळ सांगायचं तर आत अडीच इंची हार्ड डिस्क असेल तर अडीच इंची सॅटा एसएसडी त्याच जागी, त्याच कनेक्टरला बसते. एसएसडीची जाडी ७ मिलीमीटर असते, काही जुन्या लॅपटॉपमधली जागा साडेनऊची असते, तिथं सोबत मिळणारी प्लास्टिकची पट्टी लावली की हलत नाही.

बऱ्याच मशीनमध्ये एम.२ चा रिकामा स्लॉट पण असतो, पण इथं लोक फसतात. एम.२ हा फक्त आकार झाला. त्या आकारात सॅटा पण येते आणि एनव्हीएमई (जास्त वेगवान जोडणीची एसएसडी) पण येते, आणि काही स्वस्त लॅपटॉपचा स्लॉट दोघांपैकी एकच घेतो. लांबी पण बघा, २२८० म्हणजे ८० मिलीमीटर लांब, २२४२ म्हणजे ४२, छोट्या जागेत मोठी बसत नाही.

सॅटा घ्यायची की एनव्हीएमई? मशीन दोन्ही घेत असेल तर एनव्हीएमई घ्या, पण त्यासाठी जीव टाकू नका. सॅटाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, एनव्हीएमई कागदावर त्याच्या कितीतरी पट पुढे असते, पण बूट टाइममध्ये तो फरक दोन-चार सेकंदांचाच दिसतो. खरी उडी हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर येण्यात आहे. साइजचं म्हणाल तर २४० किंवा २५६ जीबी बहुतेकांना पुरते.

माझ्या लॅपटॉपमध्ये ईएमएमसी लिहिलंय, ती बदलता येते का?

नाही, ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. मोबाईलमधल्या स्टोरेजची ती चुलत बहीण समजा. हार्ड डिस्कपेक्षा फाईल शोधायला पुष्कळ जलद, पण चांगल्या एसएसडीच्या मागे. तिचं खरं दुखणं वेगापेक्षा जागेचं आहे. ३२ किंवा ६४ जीबीत विंडोज, त्याचे अपडेट, तुमची ॲप्स असं सगळं कोंबलं की दोन-तीन जीबी रिकामे उरतात, आणि फ्लॅश मेमरी गच्च भरली की लिहायचा वेग घसरतो, त्यात अपडेट अर्धवट अडकून दर बूटला परत परत प्रयत्न करत राहतात. तेव्हा अशा मशीनमध्ये जागा रिकामी करणं हाच बूट टाइमचा इलाज आहे. निदान १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा, सेटिंग्जमध्ये स्टोरेज सेन्स (आपोआप साफसफाई) चालू करा, जुन्या विंडोजच्या फायली आणि अपडेटचा कचरा डिस्क क्लीनअपमधून काढा, फोटो-व्हिडिओ मेमरी कार्डवर हलवा. एम.२ चा स्लॉट रिकामा असेल तर मात्र त्यात एसएसडी टाकून विंडोज तिच्यावर न्या, काही ईएमएमसीवाल्या मॉडेलना तो असतो.

स्टार्टअपमधलं काय काय बंद करू? काही बिघडणार तर नाही ना?

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात ज्या नोंदी दिसतात त्या बंद केल्याने विंडोज बिघडत नाही, ते ॲप आपोआप चालू होत नाही एवढंच, हवं तेव्हा तुम्ही स्वतः उघडू शकता. त्यामुळे घाबरू नका. व्हिडिओ कॉलची ॲप्स, गाण्यांची ॲप्स, गेम लाँचर, प्रिंटरच्या शाईची आठवण करून देणारं सॉफ्टवेअर, ब्राउझरचं आपोआप उघडणं, दोन दोन क्लाउड स्टोरेज, कंपनीने नवीन लॅपटॉपसोबत टाकून दिलेली सतरा युटिलिटी, हे सगळं बिनधास्त बंद करा.

ठेवायचं काय? अँटीव्हायरस, टचपॅडचं सॉफ्टवेअर, ऑडिओचं, आणि मराठी टायपिंगसाठी वेगळं टूल वापरत असाल तर ते. क्लाउड स्टोरेजमध्ये तुमच्या कामाच्या फायली आपोआप जात असतील तर ते एक ठेवा, कारण ते बंद करून विसरलात आणि पुढे महिनाभर बॅकअपच झाला नाही असं होऊ शकतं.

तिथं 'स्टार्टअप इम्पॅक्ट' चा कॉलम असतो त्यावर हाय असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ असा की त्या ॲपने चालू होताना एक सेकंदापेक्षा जास्त प्रोसेसर टाइम खाल्ला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचलं-लिहिलं. मीडियम म्हणजे त्याच्या खालचं, लो म्हणजे सोडून द्या असं. हाय पासून सुरुवात करा. काही ॲप्स या यादीत न येता टास्क शेड्युलरमधून (ठरलेल्या वेळी कामं चालू करणारं विंडोजचं टूल) चालू होतात, अपडेटरवाली जास्त करून, त्यामुळे तिकडेही एकदा नजर टाका.

सर्व्हिसेस पण बंद करू का?

विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेसना हात लावू नका. याद्या फिरत असतात की या अमुक चाळीस सर्व्हिसेस बंद करा म्हणून, आणि मग तीन आठवड्यांनी वायफाय, प्रिंटर किंवा अपडेट बंद पडतं आणि कशामुळे ते आठवत पण नाही. बाहेरच्या सॉफ्टवेअरची सर्व्हिस असेल आणि १०३ च्या नोंदीत तिचं नाव सारखं येत असेल तर ते सॉफ्टवेअरच काढा, किंवा लागत असेल तर सर्व्हिसचा प्रकार 'ऑटोमॅटिक' वरून 'ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट' करा. मग ती बाकीच्या सर्व्हिसेस झाल्यावर साधारण दोन मिनिटांनी चालू होते आणि सुरुवातीच्या गर्दीत घुसत नाही. हा उपाय हार्ड डिस्कवाल्यांना जास्त जाणवतो.

फास्ट स्टार्टअप चालू ठेवू की बंद करू? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

कारण दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. विंडोज ८ सोबत २०१२ मध्ये हे आलं. तुम्ही शटडाऊन करता तेव्हा तुमची ॲप्स बंद होतात, पण कर्नल आणि ड्रायव्हरची मेमरीतली अवस्था डिस्कवर हायबरनेशनच्या (मेमरीतलं डिस्कवर ठेवून बंद होण्याच्या) फाईलमध्ये लिहून ठेवली जाते. पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून मांडण्याऐवजी तीच फाईल एका दमात वाचली जाते. हार्ड डिस्कला एका ओळीत लागून असलेलं वाचणं सोपं जातं म्हणून तिथं याचा फायदा मोठा, एसएसडीवर दोन-पाच सेकंदांचा.

तोटे असे की मशीन कधी पूर्ण बंद होतच नाही. एखादा ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असेल तर ती अवस्था पण जपली जाते, रोज शटडाऊन करूनही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर 'अप टाइम' बघा, तुम्ही रोज बंद करत असाल तरी तिथं आठ-दहा दिवस दिसतील. आणि लिनक्ससोबत डुअल बूट (एकाच लॅपटॉपवर दोन्ही) असेल तर विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, अर्धवट झोपलेलं राहतं, लिनक्स ते नीट उघडत नाही किंवा फक्त वाचण्यापुरतं उघडतं, आणि जबरदस्तीने लिहायला गेलात तर डेटा खराब व्हायची भीती असते.

माझं मत, हार्ड डिस्क असेल आणि फक्त विंडोज असेल तर चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करा. डुअल बूट असेल तर बंद. एसएसडी असेल तर कसंही, पण विचित्र त्रास असतील, वायफाय गायब होतं, आवाज येत नाही, तर आधी बंद करून बघा. सेटिंग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांच्या पानावर असतं. तिथं पर्यायच दिसत नसेल तर हायबरनेशन बंद असणार.

शटडाऊन करून चालू केलं तर लवकर होतो आणि रिस्टार्टला दुप्पट वेळ घेतो, असं उलटं का?

वरचंच कारण. रिस्टार्टमध्ये फास्ट स्टार्टअप वापरला जात नाही, सगळं खरोखर पहिल्यापासून होतं. म्हणूनच काही अडलं की रिस्टार्ट करा असं सांगतात, शटडाऊन नाही. शटडाऊनवर क्लिक करताना शिफ्ट दाबून ठेवलंत तर तेवढ्यापुरतं पूर्ण शटडाऊन होतं.

बायोसमध्ये काय बदलायचं?

आत जायच्या आधी एक काम. तुमच्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने लॉक असेल, आणि कित्येकांना आपली आहे हे माहीतच नसतं, तर बायोसमधल्या काही बदलांनंतर विंडोज रिकव्हरी की मागतं. ४८ आकडी असते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालीये का बघा, कागदावर लिहून घ्या आणि मगच पुढे जा. की सापडली नाही तर डेटा गेला, त्यावर दुसरा कुठला उपाय नाही.

आत जायला लोगो दिसत असताना एफ२ किंवा डिलीट किंवा एफ१०, कंपनीप्रमाणे बदलतं. फास्ट स्टार्टअपमुळे की दाबायला वेळच मिळत नसेल तर शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा, निळ्या पानावर ॲडव्हान्स्ड पर्यायांत यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज मिळेल.

मग बूट ऑर्डरमध्ये आतली डिस्क, म्हणजे विंडोज बूट मॅनेजर, सगळ्यात वर आणा. नेटवर्क बूट किंवा पीएक्सई चालू असेल तर बंद करा, ते वरच्या नंबरवर असेल तर मशीन दर वेळी नेटवर्कवर कोणी बूट करून देतंय का याची वाट बघत बसतं. 'फास्ट बूट' चालू करा, हे बायोसमधलं आहे, वरच्या विंडोजच्या फास्ट स्टार्टअपपेक्षा वेगळं. 'पोस्ट डिले' किंवा लोगो दाखवायचा वेळ असं काही असेल तर शून्य करा. झालं, बाहेर या.

सॅटा मोड, म्हणजे एएचसीआय, आयडीई, रेड वगैरे डिस्कशी बोलायच्या पद्धती, हे उगाच बदलू नका, विंडोज बूटच होणार नाही. लेगसीवरून यूईएफआयवर जायचं असेल तर नुसतं बायोसमध्ये बदलून चालत नाही, डिस्कची रचना, म्हणजे तिचे भाग नोंदवायची पद्धत, पण जुन्या एमबीआरवरून नव्या जीपीटीवर करावी लागते. त्यासाठी विंडोज १० मध्ये २०१७ पासून आतच एक टूल आहे, डेटा न पुसता करतं, पण तरी बॅकअप घेऊनच.

बायोसचा वेळ तरी जास्त येत असेल तर सगळ्या यूएसबी वस्तू काढून बघा. पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडरमध्ये विसरलेलं कार्ड. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच सुटतं. आणि तारीख-वेळ रोज चुकत असेल, बायोसच्या सेटिंग आपोआप जुन्या होत असतील तर आतला छोटा सेल संपलाय.

एका व्हिडिओत सांगितलं की एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजची बूटच्या सेटिंगची खिडकी) प्रोसेसरची संख्या वाढवली की बूट फास्ट होतो. खरं आहे का?

नाही. विंडोज सगळे कोअर आपोआपच वापरतं. तो पर्याय संख्या कमी करून टेस्टिंग करणाऱ्यांसाठी आहे. तिथं जास्तीत जास्त आकडा निवडलात तर काही होत नाही, चुकून कमी निवडलात तर लॅपटॉप अजून हळू होतो. त्याच खिडकीत 'मॅक्सिमम मेमरी' ला तर बोट पण लावू नका, चुकीचा आकडा गेला की बूट व्हायचे वांधे. 'नो जीयूआय बूट' ने फक्त ॲनिमेशन दिसत नाही, वेळ वाचत नाही.

बूस्टर, रजिस्ट्री क्लीनर, डीफ्रॅग वापरू का?

बूस्टर नको, ते स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात. रजिस्ट्रीतल्या (विंडोज आणि ॲप्सच्या सेटिंग जिथं नोंदतात ती वही) जुन्या नोंदी काढून बूट टाइम कमी होत नाही, चुकीची नोंद गेली तर मात्र ॲप बंद पडतं. प्रीफेच फोल्डर रिकामा करा असंही सांगतात आणि ते तर उलटंच आहे, कुठलं ॲप चालू होताना कोणत्या फायली लागतात ते विंडोज तिथं टिपून ठेवतं, तो पुसला की पुढचे काही बूट अजून हळू होतात. डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फायलींचे तुकडे एकत्र लावणं, फक्त फिरणाऱ्या हार्ड डिस्कसाठी, आणि विंडोज ते ठरलेल्या वेळी आपोआप करत असतं. एसएसडीला त्याऐवजी ट्रिम (कुठली जागा आता रिकामी आहे ते डिस्कला कळवणं) दिलं जातं, तुम्ही काही करायचं नाही.

अँटीव्हायरसमुळे हळू होतो का?

होतो, विशेषतः दोन असतील तर. नवीन लॅपटॉपसोबत आलेला ट्रायल संपलेला एक आणि तुम्ही टाकलेला एक, दोघंही प्रत्येक फाईल तपासतात. एक ठेवा. विंडोजमध्ये आधीपासून असलेला डिफेंडर साध्या वापराला पुरतो. काढताना त्या कंपनीचं काढायचं खास टूल वापरा, साध्या अनइन्स्टॉलने ड्रायव्हर मागे राहतात.

रॅम वाढवली तर बूट लवकर होईल?

लॉगिन स्क्रीनपर्यंतचा वेळ फारसा बदलत नाही. पण ४ जीबी रॅममध्ये लॉगिननंतर सगळी ॲप्स आली की मेमरी भरते, विंडोज मेमरीतला माल डिस्कवर टाकायला लागतं, आणि डिस्क हार्ड डिस्क असेल तर सगळंच ठप्प. तिथं ८ जीबीने नक्की फरक पडतो. दोन्हींपैकी एकाचेच पैसे असतील तर आधी एसएसडी. आणि घ्यायच्या आधी रॅम सोल्डर आहे का स्लॉट आहे ते बघा, पातळ स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा स्लॉटच नसतो.

कालपर्यंत बरा होता, या आठवड्यात अचानक पाच-सहा मिनिटं घ्यायला लागला. काय करू?

सगळं सोडा आणि आधी फायलींचा बॅकअप घ्या. मी मनापासून सांगतोय. हळूहळू मंदावणं वेगळं आणि अचानक पाचपट होणं वेगळं. अचानक झालं, डिस्क टास्क मॅनेजरमध्ये सतत १०० टक्के दिसते आणि वेग मात्र एक एमबीच्या खाली, मध्येच सगळं काही सेकंद गोठतं, हार्ड डिस्कमधून टकटक येते, ही सगळी डिस्क जात चालल्याची लक्षणं आहेत. डिस्क एकाच खराब जागेवर परत परत वाचायचा प्रयत्न करत असते, त्यात वेळ जातो.

बॅकअप झाला की स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींची, माहिती दाखवणारं टूल वापरा, क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट आहे. त्यात रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या जागा) या दोन ओळी बघा. शून्य नसतील आणि वाढत असतील तर डिस्क बदलायची वेळ आली. बॅकअपच्या आधी चेकडिस्क (डिस्क तपासणारं विंडोजचं टूल) किंवा डीफ्रॅग अजिबात चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढा ताण पण पुरतो. माझ्या एका नातेवाइकाने बूट फास्ट व्हावा म्हणून रात्रभर डीफ्रॅग लावून ठेवलं होतं आणि सकाळी डिस्क उघडलीच नाही, त्यात त्यांच्या मुलीचे लहानपणापासूनचे फोटो होते, ते परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी कुणालाही आधी बॅकअपच विचारतो.

डिस्क ठीक निघाली तर मग अडकलेला अपडेट, नवीन टाकलेलं सॉफ्टवेअर आणि चार्जर बघा. काही लॅपटॉप चार्जर ओळखू आला नाही की प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली ठेवतात.

फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं तर?

कंपनीचा सगळा जादा माल जातो म्हणून फरक दिसतो, पण हार्ड डिस्क तीच असेल तर काही महिन्यांत परत तिथंच. एसएसडी टाकताना मात्र क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करण्यापेक्षा नवीन इन्स्टॉल करणं मला बरं वाटतं. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुन्या मशीनवाल्यांनी पुढचा प्रश्न वाचा.

लिनक्स टाकलं तर लवकर चालू होईल का?

हलकं घेतलंत तर हो, म्हणजे लुबंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती. मोजायला तिथं मजा येते. टर्मिनलमध्ये सिस्टमडी-ॲनलाइझ (systemd-analyze) ही कमांड दिली की फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि युजरस्पेस (कर्नलनंतरचं बाकीचं सगळं) असा वेगवेगळा वेळ समोर येतो. त्यालाच 'ब्लेम' (blame) जोडलं की कोणत्या सर्व्हिसने किती वेळ घेतला त्याची यादी येते, पण त्या यादीवर आंधळा विश्वास नको, कारण बऱ्याच सर्व्हिसेस एकाच वेळी चालतात आणि वरची सर्व्हिस कुणालाच अडवत नसेल असंही असतं. कोण कुणासाठी थांबलंय ते 'क्रिटिकल-चेन' (critical-chain) मध्ये कळतं.

नेहमी सापडणारे तीन जण सांगतो. नेटवर्क मॅनेजरची 'वेट ऑनलाइन' सर्व्हिस, ती नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबवते, घरच्या लॅपटॉपवर ती बंद केली तर सहसा काही अडत नाही, फक्त बूट होताना नेटवर्कवरचं फोल्डर जोडत असाल तर राहू द्या. दुसरा ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा मेनू, पाच-दहा सेकंद नुसता थांबतो, त्याचा टाइमआउट एक-दोनवर आणा, शून्य नको, अडचणीत मेनू लागतो. तिसरा म्हणजे बूट होताना बरोबर दीड मिनिट एका ओळीवर थांबणं. तो ९० सेकंदांचा ठरलेला टाइमआउट आहे, एफएसटॅब फाईलमध्ये (बूट होताना जोडायच्या पार्टिशनची यादी) अशा पार्टिशनचं नाव राहिलेलं असतं जे आता अस्तित्वातच नाही, ती ओळ काढली की दीड मिनिट वाचतं.

रोज शटडाऊन करायचं की नुसतं झाकण बंद करायचं?

दिवसात चार वेळा उघडत असाल तर स्लीप. दोन-तीन सेकंदात जागा होतो, बूटच करावा लागत नाही. रात्रभर किंवा बॅगेत ठेवताना हायबरनेट किंवा शटडाऊन, कारण काही लॅपटॉप स्लीपमध्येही बॅगेत गरम होतात आणि बॅटरी पिऊन टाकतात.

एसएसडी टाकल्यावर जुन्या हार्ड डिस्कचं काय करू?

लगेच फॉरमॅट करू नका. महिनाभर तशीच कपाटात राहू द्या, कारण काय कॉपी करायचं राहिलं ते तेव्हाच आठवतं, ब्राउझरचे पासवर्ड, अकाउंटिंगचा डेटा, डेस्कटॉपवरच पडलेली एखादी फाईल. मग स्मार्ट चांगलं असेल तर यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपसाठी वापरा, फक्त बूट होताना ती लॅपटॉपला लावून ठेवू नका.